अमरेशचा विश्राम

योगीराज, उद्या लेकराला शिबिराला सोडायला जायलास म्हणं. जा बाबा, मी कोण अडिवणारा. पण चुलत्याचं एवढं ऐकून जा. आन् नागेश, तू बी भावासंगट ऐक, तो मोबाईल खाली ठिव. लाईट येईस्तोवर तरी माणसात बस.

ही ऐकीव गोष्ट न्हाई. अंकुशराव उस्तादाच्या बाबतीत घडलेली हाय. कमलनगरच्या पुढं माळावर ती शाळा, तितं मी सहा वर्सं बस चालिवली. शाळा मिल्ट्रीची न्हाई, पण थाट सगळा तसाच. पाचला शिट्टी, केस बारीक, बूट चकाचक. उन्हाळ्यात बाहेरच्या लेकरांचं एकवीस दिवसांचं शिबिर. अंकुशराव फौजेतून हवालदार होऊन आलेला, कवायत घ्यायचा, म्हणून सगळे उस्ताद म्हनायचे. माणूस वाईट नव्हता. रागीट होता, एवढंच.

पहिल्याच दिवशी तो लेकरांच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवायचा. सावधान म्हनलं की पुतळा. नाकावर माशी बसली तरी हलायचं न्हाई. मी विश्राम म्हनेस्तोवर न्हाई म्हंजे न्हाई.

दोन वर्सांमागं मैलूरचं एक लेकरू आलतं. अमरेश. अकरा वर्साचं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला उस्तादाकडं गेलं आन् म्हनलं, "अव्वाला फोन लावून द्या की." आईला अव्वा म्हनायचं ते. उस्तादाला राग आला. त्यानं त्याला झेंड्याच्या खांबाखाली सावधानमधी उभं केलं आन् जेवायला गेला. जेवला. जरा आडवा झाला. डोळा लागला... विसरला बघ. साफ विसरला.

चारला लेकरू पडलेलं सापडलं. बीदरला नेईस्तोवर गेलं.

मंग संस्थेनं कागद केला. 'दहा मिनिटांनी विश्राम दिला होता, मुलगा आपल्या मनाने उन्हात थांबला.' खाली अंकुशरावाची सही. त्याच्या खाली साक्षीदार म्हणून माझी.

व्हय, माझी. असं बघू नको. मी दोनला डिझेल भरायला निघालो तवा ते लेकरू उभं होतं. मान लाल झालती. माझ्याकडं बघितलं न्हाई त्यानं, सावधानमधी बघायचं नसतंय. मी म्हनलं, उस्तादाचं काम हाय, आपल्याला काय करायचंय. आन् गाडी काढली.

असो. गेल्या साली, मे महिन्याची चौदा तारीख, मंगळवार. नवं शिबिर चालू होतं. मोटारीची लाईट रात्री अडीचला यायची. टाकी भरायची म्हणून अंकुशराव उठला, बॅटरी घेतली आन् बोअरकडं गेला. मोटार चालू केली, पाणी चढल्याचा आवाज ऐकला, आन् मैदानातून परत निघाला.

खांबाखाली कोणतरी उभं होतं.

त्याला वाटलं, शिबिरातलंच असंल. "कोण रे? जा, झोप जाऊन."

जवळ गेला. बॅटरी मारली. बूट जुळलेले. मुठी मांडीला लावलेल्या. मान लाल... रात्रीच्या अडीचला, उन्हानं भाजलेली.

वळखलं त्यानं. बॅटरी खाली केली आन् म्हनला, "विश्राम."

लेकरू हललं न्हाई.

"अमरेश... विश्राम."

न्हाई.

मंग ते बोललं. समोरच बघत. अदबीनं.

"तुमी दिलता की, उस्ताद. कागदावर हाय."

...

सकाळी अंकुशराव माझ्या खोलीवर आला. एका रातीत तोंड उतरून गेलतं. सगळं सांगितलं आन् म्हनला, "नागनाथ, मी मैलूरला जायलोय. त्याच्या आईला खरं सांगतो. तू बी चल. सही तुझी बी हाय."

मी म्हनलं, मला गाडी सर्विसिंगला न्यायची हाय.

तो एकटाच गेला. धनलक्ष्मी, त्या लेकराची आई, तिच्या दारात उभं राहून खरं ते बोलला. ती रडली न्हाई म्हनं. एवढंच इचारलं, "चार तास उभं होतं माझं लेकरू. येता-जाता कोणीच बघितलं न्हाई का?"

माझं नाव घेतलं न्हाई अंकुशरावानं. तितनं सरळ पोलीस ठाण्यात गेला. पुढं कोर्टात भेटला तवा हे त्यानंच मला सांगितलं. झोप लागायलीय म्हनला आता.

तो मैलूरला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनला, मी मैदानात गेलो. कामून गेलो, मलाच ठाऊक न्हाई. ऊन असं की चपलेतून पाय भाजायलता. खांबाखाली वाकलो आन् मातीला हात लावला. चटका बसला. हात सरकवत गेलो. पण एका जागी... लहान बुटाएवढ्या जागी... गार. सावलीतल्यासारखी गार. शेजारी हात ठिवला, तितं भाजलं. सगळीकडं चाचपून बघितलं. एकच.

एकच पाय, योगीराज. दुसरा अंकुशराव खरं बोलला तवा सुटला असंल.

मैलूरला मी अजून गेलो न्हाई. उद्या जाईन म्हणतो, उद्या उजाडला की मन धजत न्हाई. परवा बी त्या मैदानात जाऊन हात लावून आलो.

गारच हाय.