कलिंगड आणि हुसेनकाकांचं पाणी

"हे कलिंगड कुणाचं?"

आधी भिंतीपलीकडून प्रश्न आला, मग माणूस आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कोपरापर्यंत चिखल, आणि बाळ कडेवर घ्यावं तसं आमचं कलिंगड!

मी मावशीकडे पाहिलं. मावशी एकदम खजुरांचे शेंडे न्याहाळू लागली.

"आमचंच," मी म्हणाले. "गार व्हायला पाटात ठेवलं होतं…"

"गार झालंय. पण वाहत गेलं आणि भिंतीखालच्या मोरीत अडकलं. आता शेजारच्या हुसेनकाकांच्या खजुरांचं पाणी आमच्या डाळिंबांत शिरलंय. पलीकडे काका ज्या नजरेने बघताहेत ना, तसं माझ्या आईनेही कधी बघितलेलं नाही."

"अगंबाई, तुम्ही मराठी!" मावशी फुलली. "आम्ही मराठी, हे कसं कळलं तुम्हाला?"

"तुम्ही मघाशी 'वल्ले, सुरी विसरलीस' म्हणालात. ते तिकडे ऐकू आलं," तो गंभीरपणे म्हणाला.

मस्कतपासून इतकं आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेली ही बाग म्हणजे एका जुन्या व्यापारी घराण्याची उन्हाळ्यातली वाडी. कित्येक वर्षं ती कोरडी पडून होती. घराण्याच्या नातवंडांनी ती पुन्हा उभी केली आणि या हिवाळ्यात लोकांसाठी उघडली. मी बाग बघायला आले होते. रुचिर मला बघायला आला होता. मावशी आम्हा दोघांना बघत होती. मस्कतला, अल घुब्राच्या घरी परत पोचेपर्यंत तिला माझं हो की नाही ते हवं होतं.

मस्कतच्याच वादी कबीर भागातल्या एका वर्कशॉपचे हिशोब मी बघते, त्यामुळे माणसांच्याही जमा-नावेच्या नोंदी आपोआप होतात. रुचिर, मुक्काम अल हैल. जमा: वक्तशीर, निर्व्यसनी, दात छान. नावे: बागेत शिरल्या शिरल्या म्हणाला, "इथे लॉन का नाही केलं?" आणि गाडीवर ऊन येतंय म्हणून सावली शोधायला गेला, तो अजून परतला नव्हता.

चिखलवाल्याचं नाव लोकेश. बागेच्या डागडुजीचा इंजिनिअर, गाव सिन्नरजवळ.

"चला," तो मला म्हणाला. "काकांची माफी मागायची. पाणी चुकलं की इथे समोर जाऊन सांगतात."

वाटेत बाग उलगडत गेली. लिंबांच्या फुलांचा वास, त्यावर खजुरांच्या झावळ्यांची जाळीदार सावली, आणि सगळ्यांच्या पायांतून पळणारं ते हातभर रुंदीचं पाणी. मातीच्या भिंती इतक्या गुळगुळीत की हात फिरवावासा वाटे. मी फिरवलाच.

"आधी सिमेंट लावलं होतं मी," तो म्हणाला. "एका उन्हाळ्यात तडकलं. मग सगळं उकरून पुन्हा इथल्या भाजलेल्या मातीचा गिलावा केला. जुने वाफेसुद्धा आम्ही आखलेले नाहीत. पाट मोकळे केले, पाणी सोडलं. कुठे वळायचं ते पाण्यालाच आठवत होतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"तुम्ही मघापासून मला मोजताय," तो म्हणाला.

"मोजत नाहीये. नोंद घेतेय."

"कुठल्या बाजूला?"

"अजून… बेरीज व्हायचीय."

तो हसला. दात रुचिरइतके सरळ नव्हते. कुणाला हवे होते?

हुसेनकाका भिंतीपलीकडे उन्हात रोवलेल्या खांबापाशी बसले होते. त्या खांबाची सावली कुठल्या दगडाला टेकली, त्यावरून पाणी कुणाचं ते ठरतं. मी मोडक्यातोडक्या अरबीत माफी मागितली, काकांच्याच सुरीने कलिंगड चिरून अर्धं पुढे केलं. काकांनी मला खजूर दिला, कपात कव्हा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, ओतली आणि लोकेशला काहीतरी म्हणाले.

"म्हणताहेत, पाणी गेल्याचं काही नाही," लोकेशने सांगितलं. "न विचारता गेलं, ते बरं नव्हे. आता बोललात. खलास."

मोरीपाशी येऊन त्याने मला दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यांत वळवायला, शिकवलं. वाफ्याच्या तोंडाशी चिंध्यांत गुंडाळलेला दगड घट्ट बसवायचा. "आधी एक दार बंद करायचं, मग दुसरं उघडायचं. दोन्ही उघडी राहिली तर पाणी कुठेच धड पोचत नाही." दगड दाबताना आमची बोटं पाण्यात एकमेकांना लागली. पाणी गार होतं… बोटं नव्हती.

तेवढ्यात मावशीची हाक आली. "वल्ले! रुचिर थांबलाय गं! किती बघायला लावशील त्याला?"

लोकेशने हात काढून घेतला.

"ते… तुमच्यासाठी आलेत?"

"मावशीच्या मते."

"मग निघा तुम्ही." तो चिंध्या पिळू लागला. पिळून झालेल्या चिंध्या पुन्हा पिळू लागला. "मला तुम्ही थांबावंसं वाटतंय, हे खरं. पण दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी वळवायचं नसतं. इथे राहून एवढं तरी शिकलोय."

मला रागही आला आणि हसूही.

"अहो इंजिनिअर, पाण्याला कुणी विचारत नाही, म्हणून ते वाटून घेतात. मी कुणाच्या वाट्याची नाही. मला विचारायचं असतं!"

"मग… विचारू?"

"थांबा. आधी एक दार बंद करून येते."

रुचिर गाडीत एसी लावून बसला होता. मी खिडकीशी वाकले. "रुचिर, तू चांगला आहेस. पण माझं उत्तर 'नाही' आहे. गाडीत बसून टाळत बसण्यापेक्षा आत्ताच सांगते."

तो एसी कमी करत म्हणाला, "सरळ सांगितलंस, बरं केलंस. पण परतीच्या वाटेवर मावशींशी मी काय बोलू?"

"मायलेज. तिला फार आवडतं."

गाडीशी उभ्या मावशीने कपाळाला हात लावला. पण माझी पर्स तिने गाडीत ठेवली नाही. माझ्याकडे धरून म्हणाली, "पाच मिनिटं. आणि चप्पल घाल, पाय बघ!"

मी अनवाणीच धावले.

खांबाची सावली दगडाला टेकत आली होती. हुसेनकाका पलीकडून ओरडले, "यल्ला!" चला, वेळ झाली. आम्ही त्यांच्याकडचं दार बंद केलं, मग आमचा दगड काढला. पाणी सळसळत डाळिंबांकडे वळलं.

"वल्लरी," तो पाण्याकडे बघत म्हणाला, मग धीर करून माझ्याकडे. "पुढच्या शुक्रवारी याल? बाग बघायला नाही… मला भेटायला?"

"येईन."

त्याने काढलेला दगड वाफ्याच्या कडेला नीट ठेवला.

"कलिंगड आणाल?"

"मावशीला विचारावं लागेल," मी म्हणाले. "न विचारता काही न्यायचं नाही, अशी रीत आहे इथली."