हँग होण्याचं कारण

वारा असा सुटला होता की दुकानांच्या पाट्या खडखडत होत्या. मी कोपऱ्यावर वळले आणि समोरून एक चादर चालत आली.

म्हणजे चादरीखाली माणूस होता. दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं जड ओझं, त्याला गुंडाळलेली निळी चादर, आणि तिचं एक टोक उडून थेट त्याच्या तोंडावर. बिचारा जागच्या जागी थबकला होता.

"कोणी आहे का?" चादरीतून आवाज आला. "जरा एवढी... बाजूला करता?"

मी टोक धरून ओढलं. आतून एक चेहरा निघाला – केस विस्कटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि डोळे... जाऊ दे. डोळ्यांचं नंतर.

"आभारी आहे," तो म्हणाला. "आता चष्मा वर केलात तर तुम्ही दिसालसुद्धा."

मी एका बोटाने चष्मा वर सरकवला. तो बघतच राहिला. खोटं कशाला बोलू, मीही.

"सीपीयू आहे ना?" काहीतरी बोलायचं म्हणून मी ओझ्याकडे बोट दाखवलं. "मागून वायर लोंबतेय. काय होतंय त्याला?"

"हँग होतो. चांगला चालता चालता मधेच थिजतो. हलत नाही, बोलत नाही."

"आत्ता तुम्ही थिजलात तसा?"

तो हसला, आणि चष्मा पुन्हा घसरला. "इथे जवळपास दुरुस्तीचं दुकान आहे म्हणे..."

"मागे वळा. ते हिरव्या दाराचं. चला, दुरुस्त करणारीही तिकडेच निघालीये."

दुकान माझ्या मामाचं. मामा गल्ला, फोन आणि गिऱ्हाइकांशी गप्पा सांभाळतो. मशीन उघडते ती मी. आणि माझ्या टेबलावरून बिघडलेलं मशीन तसंच परत गेलंय, असं कधी झालेलं नव्हतं. त्याचा मला जरा तोराच होता.

"काम काय करता यावर?" मी स्क्रू काढता काढता विचारलं.

"शब्दकोडी बनवतो. वर्तमानपत्रात रोज येतं ना, ते."

मामा खुर्चीतून उठलाच. "म्हणजे ते तुम्ही? अहो, रविवारचं उभं सात काय होतं हो? माझा अख्खा दिवस खाल्लात तुम्ही!"

"आडवं दहा चुकलं असेल तुमचं," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की मला हसू आवरेना.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वर्षानुवर्षं जमवलेले शब्द, कोडं जुळवायचा त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम, सगळं त्याच मशीनमध्ये होतं. कोडं पाठवायला दोनदा उशीर झाला होता. पुन्हा झाला तर बाहेरून तयार कोडी घेऊ, असं संपादकांनी सांगून टाकलं होतं.

"मग तुम्ही काय करणार?"

"तेच ना," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही. चहासुद्धा धड येत नाही."

मी आतली धूळ उडवली, पंखा साफ केला, रॅम काढून पुन्हा नीट बसवली. दिवसभर मशीन चालू ठेवलं. एकदासुद्धा अडकलं नाही. अगदी गुणी बाळ!

"दवाखान्यात आलं की ताप उतरतो," मामा म्हणाला.

दोन-तीन दिवसांत तो पुन्हा दारात. हातात तेच ओझं, अंगात मात्र कडक इस्त्रीचा शर्ट. मी रॅम बदलली. तो गेला. पुन्हा आला. शर्ट आणखी कडक. मी हार्ड डिस्क तपासली, विंडोज नव्याने टाकलं. माझ्या टेबलावर सगळं सुरळीत. घरी नेलं की ये रे माझ्या मागल्या.

"आधी आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं," तो चाचरत म्हणाला. "तुमच्याकडे आणायला लागल्यापासून... रोज होतंय."

हे वर्मी लागलं. पण रागवायचं तरी कसं? मशीन चालू ठेवून आम्ही वाट बघायचो, तेव्हा तो समोरच्या स्टुलावर बसून मला काहीबाही विचारायचा. ‘मदरबोर्ड’ला मराठीत काय म्हणाल? मी म्हणायचे, आईसाहेब. तो मनापासून हसायचा, आणि चष्म्याआडचे ते डोळे – हो, आता सांगते – बारीक व्हायचे, आणि माझ्या हातातला स्क्रू हमखास खाली पडायचा.

"हा मुद्दाम बिघडवून आणतो गं," एकदा तो गेल्यावर मामा म्हणाला.

"काहीतरीच!" मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी नवे कानातले घालून दुकानात गेले.

ते ‘काहीतरीच’ माझ्या मनात इतकं पक्कं बसलं की पुढच्या खेपेला मी लाडात येऊन विचारलं, "खरं सांगा, मुद्दाम करता ना? इथे यायला निमित्त म्हणून?"

त्याचा चेहरा उतरला.

"मुद्दाम?" तो हळूच म्हणाला. "काल रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही माझ्या. आजचं कोडं हाताने आखून, धावत नेऊन जेमतेम वेळेत दिलं. उद्याही तसंच करावं लागलं तर संपलं सगळं. आणि तुम्हाला वाटतं, मी मुद्दाम...?"

त्याने सीपीयू उचलला. चादर गुंडाळायलाही थांबला नाही.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. घरी आईने ताट वाढलं, मी नुसती चिवडत बसले.

सकाळी मात्र उठले ती ठरवूनच. पिशवीत मीटर, वायरी, लागतील ते सगळे सुटे भाग भरले, बिलावरचा पत्ता बघितला आणि त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

दार त्याच्या आत्याने उघडलं. गळ्यात शिवणकामाची टेप, केसांत अडकलेला धाग्याचा तुकडा. "तू दुकानातली ना?" मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत त्या म्हणाल्या. "ये, ये! मी म्हटलंच..." काय म्हटलं होतं ते मात्र गिळलं.

तो खिडकीपाशी टेबलाशी बसला होता. मला बघून उठला.

"चुकलं माझं," मी दारातूनच म्हटलं. "तुमचा जीव टांगणीला लागलेला, आणि मला थट्टा सुचत होती. आता हे मशीन माझ्या डोळ्यांदेखत हँग होत नाही तोवर मी इथून हलायची नाही."

"आणि झालंच नाही तर?"

"तर राहीन बसून."

"मग न झालेलं बरं," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकून स्क्रीनकडे वळला.

तर अशी आम्ही बिघाडाची वाट बघत बसलो. तो कोडं जुळवत होता, मी शेजारच्या खुर्चीत. टेबलावरचा दिवा, खिडकीतून येणारं कोवळं ऊन, शेजारच्या खोलीत आत्यांची खुडबुड. मधेच तो विचारायचा, "चार अक्षरी, जवळ असूनही सापडत नाही ते?" मी म्हणायचे, "स्क्रू-ड्रायव्हर." "हे चारात कसं बसवू?" "ते तुम्ही बघा." आमची कोपरं एकमेकांना लागायची, आणि दोघंही अगदी सभ्यपणे लागलीच नाहीत असं दाखवायचो. हँग व्हायलाच हवा, असं माझं डोकं म्हणत होतं. मन म्हणत होतं, थांब ना रे थोडा...

तेवढ्यात दिवा क्षणभर मिणमिणला. कर्सर जागीच थिजला.

"बघा!" तो ओरडला. पण मी तिथे होतेच कुठे? मी धावले होते शेजारच्या खोलीत.

"आत्या, आत्ता काय लावलंत?"

"काही नाही गं. इस्त्री."

इस्त्री काढायला लावली, मशीन पुन्हा सुरू केलं. ठाकठीक. इस्त्री लावली. दिवा मिणमिणला, मशीन ठप्प. पुन्हा तेच केलं. पुन्हा तेच झालं. मला नाचावंसं वाटत होतं.

"दोन्ही एकाच लाइनवर आहेत," मी सांगितलं. "इस्त्री तापायला लागली की पळभर वीज कमी पडते. मशीनचा पॉवर सप्लाय थकलाय, त्याला तेवढंही सोसत नाही. दुकानात इस्त्री नाही, म्हणून तिथे सगळं छान!"

"पण मी कुठे रोज इस्त्री करते?" आत्या म्हणाल्या. "पडदे शिवून झाले की आठवड्यातून एकदा. हल्लीच काय ते रोज, याचे शर्ट..."

"आत्या!" तो म्हणाला.

"अरे, खरं ते सांगते! चुरगळलेल्या शर्टात लोकांच्या लग्नाला जाणारा हा प्राणी. आता रोज सकाळी, ‘आत्या, जरा एक शर्ट...’ म्हटलं, निघालास कुठे? तर म्हणतो, कुठेच नाही, पण मशीन हँग झालंच तर दुकानात जावं लागेल, तयार असलेलं बरं."

त्याचे कान लालभडक झाले होते. मी दाराची चौकट धरली आणि हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आत्या एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला... दोरा आणायचाय," आणि चपला अडकवून निघूनच गेल्या.

मी नवा पॉवर सप्लाय बसवला. मशीनची जोडणी शेजारच्या भिंतीतल्या वेगळ्या लाइनवर दिली. इस्त्री तापली, गार झाली, पुन्हा तापली. कोडं पूर्ण झालं आणि वेळेआधी संपादकांकडे पोचलं. लगेच उत्तर आलं – ‘छान. उद्याचंही असंच येऊ द्या.’

त्याने मोठ्ठा श्वास सोडला. मग माझ्याकडे वळला.

"एक सांगू?" मीच म्हटलं. "मी रोज तुमचं कोडं सोडवते. माझ्यासाठी त्यात काही लपवलंय का, ते शोधायला. कधीच काही नव्हतं."

"नसणारच," तो म्हणाला. "ते सगळ्या वाचकांचं असतं, त्यात माझं खाजगी कसं घुसडू? तुम्हाला जे सांगायचं, ते तोंडानेच सांगायचं होतं. रोज वाटेत जुळवत यायचो. तुम्ही समोर आलात की..." त्याने मान हलवली. "मला तुम्ही आवडता. खूप. संपलं वाक्य."

"एक चूक आहे त्यात."

तो घाबरला. "कुठली?"

"‘तुम्ही’."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग डोळे बारीक झाले. "तू," तो म्हणाला, नवा शब्द जिभेवर ठेवून बघावा तसा. "मला... तू आवडतेस."

"मलाही तू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दुकानात आला. मामाने सवयीने टेबलावर जागा केली. "काय बिघडलं आज?"

"काही नाही," तो म्हणाला.

मामाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझी पर्स माझ्या हातात दिली. "दुकान मी बंद करतो. जा तुम्ही."

आम्ही रस्त्याला लागलो. आजवर तो कधी असा ओझ्याशिवाय आला नव्हता. मोकळ्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. खिशात घालून झाले, पाठीमागे बांधून झाले.

मला कळलं. मी त्यातला एक धरला.