बिजलीच्या गळ्यातली पाटी

“ओ बाई, ते हरीण बाजूला घ्या!”

असं ओरडत उतारावरून एक सायकल आली ती थेट आमच्या अंगावर. मी दोरी ओढली, सायकलवाल्याने ब्रेक दाबला, आणि पुढच्या क्षणी तो, त्याची छत्री आणि त्याची काळी पेटी असे तिघेही रस्त्याकडेच्या चिखलात बसलेले. पाऊस नुसता भुरभुरत होता. मी हसले नाही. म्हणजे... फार हसले नाही.

“हरीण नाय ते, कुत्री हाय,” मी म्हटलं. “डोळे घरी ठेवून आलात काय?”

तो उठला. अंगावरचा चिखल झटकायचंही विसरून बघतच राहिला. “ही तर ग्रेहाउंड, वाऱ्यासारखी पळणारी जात! आणि रत्नागिरीत?” मग त्याची नजर तिच्या मागच्या मांडीवर गेली आणि चेहराच बदलला. तिथे करवंटीएवढी गाठ आली होती. त्याने ती बोटांनी चाचपली, इतक्या हलक्या हाताने की बिजलीने शेपूट हलवली.

“कुठे नेताय हिला?”

“घरी. बंगल्यावरचा साहेब बदली होऊन गेला. जाताना शिपायाला सांगून गेला, ही आता कामाची नाय, हिला गोळी घाल. मी सुकी मासळी द्यायला गेले, तर मेला बंदूक पुसत बसलेला. मी दोरी सोडली नि चालू लागले.”

“आणि तो गप्प बसला?”

“माझ्यापुढं?”

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडायची. ती मी बघितली आणि मग उगाचच रस्त्याकडे बघू लागले.

“मी हरिश्चंद्र केळसकर, गुरांच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर. उद्या सकाळी हिला घेऊन या. उपाशीपोटी — ती हो, तुम्ही नाही.”

चौतीस सालचा आषाढ तेव्हा संपत आला होता. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, आणि मांडवीच्या आमच्या वाडीत घरोघरी जाळी सांधायचं काम चाललेलं. माझे बाबा, गुणाजी तांडेल, पडवीत जाळं घेऊन बसले होते. त्यांनी बिजलीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं.

“चिमा, ही हाडं कुठून आणलीस गो?”

मी सांगितलं. माझी आई येसूबाई, आवस म्हणतो आम्ही तिला, आतूनच कडाडली, “मासळीच्या घरात कुत्री? उद्या माझी सुकट खाईल!”

बाबांना मात्र निराळीच काळजी. नारळी पुनवेला होडी पाण्यात जायची. त्याच्या तोंडावर घरात मरतं जनावर नको. त्यांनी जाळ्यातून मान वर न करता निकाल दिला, “पुनवेला एकवीस दिवस हायत. त्या दिवशी ही आपल्या पायांनी बंदरावर आली, तर राहील घरात. उचलून आणायची लागली, तर त्याच सांजेला बंगल्यावर परत. समजलं?”

समजलं. बंगल्यावर परत म्हणजे काय ते मला चांगलंच समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर बाह्या सरसावून उभे होते. सोबत कंपाउंडर बाबू — शहरातला, केसांना तेल लावलेला, नाजूक माणूस.

“या जातीच्या अंगावर चरबी नसते,” डॉक्टर म्हणाले. “क्लोरोफॉर्म थोडा जास्त झाला की संपलं. मी बैल केलेत, म्हशी केल्यात, एक घोडा केलाय. असली कुत्री पहिलीच.”

“मग... भीती वाटते?”

“वाटते.”

झालं! त्या एका शब्दावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आमच्याकडे पुरुष वादळातसुद्धा ‘काय नाय होत’ म्हणतात.

दोन तास मी ओसरीवर बसून होते. शेवटी दार उघडलं. त्यांचा सदरा घामाने भिजलेला. त्यांनी हाताने आत बोलावलं. टेबलावर बिजली पडली होती, मांडीवर टाक्यांची लांब रांग, आणि एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघत होती. मी रडले. ते म्हणाले, “अहो, ती वाचलीय,” आणि मी आणखीच रडले.

तिला घरी आणल्यावर माझी दुसरी सगळी कामं संपली. भाताची पातळ पेज, दिवसातून चार वेळा, चमच्याने. थंडीने कुडकुडायची म्हणून माझ्या जुन्या लुगड्याची घडी तिच्या पाठीवर. उभं राहायचं ते टेकू देऊन, पळायचं अजिबात नाही. आणि डॉक्टर रोज यायचे. पहिले चार दिवस जखम बघायला, हे खरं. पाचव्या दिवशी?

“नाडी बघायला आलो.”

“नाडी काल बघितलीत.”

“काल डाव्या पायाची बघितली.”

“जनावराची नाडी पायागणिक वेगळी असते होय?”

“असते तर! तीन वर्षं शिकवतात परळच्या कॉलेजात.”

बाबा पडवीत खोकले. मी आत चहा करायला पळाले, आणि चुलीपुढे बसून एकटीच हसत राहिले. मग स्वतःलाच दटावलं: चिमा, कोटवाला माणूस आहे तो, केळशीच्या कुणा बागायतदाराचा मुलगा असेल. तुझ्या डोक्यावर पाटी आहे मासळीची. चहा दे आणि गप्प बस.

सहाव्या दिवशी बिजलीने नवाच घोळ घातला. टाके चाटायला लागली. डॉक्टर म्हणाले, “जखम ओली राहिली तर चिघळेल. तोंड तिथवर पोचू देता कामा नये. गळ्यात काहीतरी रुंद हवं...”

माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपऱ्यात आवशीची बांबूची जुनी पाटी होती. तिचा तळ कापला, तर मान आत जाईल आणि काठ तोंडाभोवती उभे राहतील! आवस ओरडत आली तोवर कोयती चाललीसुद्धा होती.

“मेल्ये! सात वर्षांची पाटी माझी! अशी विणणारा बुरूडसुद्धा आता राहिला नाय!”

“येसूबाई, मी भरून देईन,” डॉक्टर म्हणाले.

मी पाटी राखेने तीनदा घासली, उन्हात धरली. डॉक्टरांनी ती दोन्ही हातांत फिरवून नीट बघितली, काठांना फडकं गुंडाळलं, बिजलीच्या गळ्यात बसवली आणि मागे सरून म्हणाले, “वा! विलायतेत नसेल असं.” आम्ही दोघं एकमेकांकडे बघून अशी हसलो, जसा काही आगबोटीचा शोध लावला होता.

तासाभरात बिजलीला वेड लागलं. ती गोल गोल फिरायला लागली. जीभ बाहेर काढून पाटीचा आतला काठ चाटायची, चावायची, भिंतीवर आपटायची. मी धरू गेले, डॉक्टर धरू गेले. ती उसळली, पाय घसरला, आणि मांडीवरचे दोन टाके फटकन तुटले. रक्त आलं.

“पेटी!” डॉक्टर म्हणाले. मी पेटी दिली, बिजलीचं डोकं मांडीत घट्ट धरलं. ते पुन्हा शिवू लागले. नेमका तेव्हाच बाबू औषधाची बाटली घेऊन दारात आला आणि त्याने नाकाला उपरणं लावलं.

“अहो डॉक्टर! वास काय मारतोय त्या पाटीला! मासळी मुरलीय आत. अर्धपोटी कुत्रीच्या नाकाला तुम्ही बांगड्यांची टोपली बांधलीत, ती वेडी नाही होणार तर काय? आंधळ्यालासुद्धा कळलं असतं!”

मी डॉक्टरांकडे बघितलं. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते. खाली मान घालून त्यांनी टाका बांधला, पाटी काढली आणि बाबूला म्हणाले, “बाजारातून एक कोरी पाटी आणा.”

कोरी पाटी आली, बिजली शांत झाली. मी नाही झाले. मला वास आला नाही, ते ठीक. मी जन्मले तीच त्या वासात. आवशीला नाही, बाबांना नाही. पण डॉक्टरांना? दोन्ही हातांत घेऊन, नाकाजवळ धरून बघितली होती की त्यांनी ती पाटी!

दुसऱ्या दिवशी ते आले, तेव्हा बाबा किनाऱ्यावर होते. मी मुद्दाम पडवीत जाळं घेऊन बसले.

“डॉक्टर, एवढं टोक धरता जरा? ताण देऊन.”

ते बसले. पायातला बूट काढला, आणि जाळ्याचा डोळा पायाच्या अंगठ्यात अडकवून दोन्ही हातांनी जाळं सरसर ताणलं, जसे बाबा ताणतात तसं. मग त्यांचं आपल्याच अंगठ्याकडे लक्ष गेलं.

मी हळूच विचारलं, “तुमची आवस काय करते?”

“पाटी घेऊन दारोदार मासळी विकते,” ते म्हणाले. “धोंडूबाई खारवीण म्हटलं की केळशीत कुणीही घर दाखवील. त्या पाटीवर शिकलो मी.”

माझा आनंद गगनात मावेना! पण जीभ माझी. ती आनंदाचं ऐकते थोडीच?

“आणि बाजारातल्या खाणावळीत जेवता, तिथं काय सांगितलंत?”

“कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कळलं तर खारव्याच्या पोराला उद्यापासून पान मांडणार नाहीत.”

“म्हणजे इथं येऊन चहा प्यायचा, आणि बाजारात मी पाटी घेऊन समोर आले की तोंड फिरवायचं?”

“तुझ्याकडे बघून तोंड फिरवायला जमेल का मला, चिमा?”

पहिल्यांदाच नावाने हाक मारली त्यांनी. पण मी हट्टाला पेटले होते.

“माझं सोडा. तुमच्या आवशीकडं बघून? ती आली उद्या इथं पाटी घेऊन, तर?”

त्यांनी अंगठ्यातून जाळं सोडवलं, बूट घातला. छत्रीसुद्धा न उघडता पावसातून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. टाके काढायला बाबू आला, नाकाला उपरणं लावून. “डॉक्टर रजेवर गेलेत, केळशीला. परत येतात की बदली मागतात, देव जाणे!”

मी माझ्या जिभेला किती शिव्या दिल्या म्हणून सांगू! एवढं खरं बोलायची घाई कुणी सांगितली होती? मला ते हवे होते. खळीसकट, नाडीच्या थापांसकट हवे होते. रोज त्या वेळेला मी आणि बिजली दोघी दाराकडे तोंड करून बसायचो.

पुनव आली. ऊन-पावसाचा खेळ चाललेला, होडीला पताका लावलेल्या. वाडीतून मिरवणूक निघाली. पुढे सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन बाबा, मागे ढोल, आणि सगळ्यांच्या मागे मी आणि बिजली. तिच्या गळ्यात दोरीसुद्धा बांधली नव्हती. एक एक पाऊल टाकत होती बिचारी, मागचा पाय जपत.

अर्धा रस्ता आला. बाजाराच्या तोंडाशी ढोल वाजले आणि ती थांबली. थरथरली. आणि रस्त्यातच बसली.

“ऊठ बाय माझे... थोडंच राहिलंय,” मी गुडघे टेकून विनवलं. ती माझा हात चाटत राहिली, पण उठेना. बाबा मागे वळून आले. त्यांचं तोंडही उतरलं होतं.

“चिमा, बोली ती बोली. उचल तिला.”

मी हात पुढे केले, तोच बिजलीचे कान उभे राहिले. नाक वर झालं. ती उठली... आणि मला काही कळायच्या आत पळत सुटली! ग्रेहाउंड पळताना मी तोवर बघितलीच नव्हती. ढोलांना वळसा घालून, बायकांमधून, बाजार ओलांडून ती सरळ बंदराच्या दिशेने गेली. ढोलवाल्यांचे हात थांबले. मी लुगडं आवरून मागे धावले.

बंदराच्या दगडी धक्क्यावर गर्दी दुभंगली होती. खाणावळीतली गिऱ्हाइकं, कचेरीतले कारकून, बाबू, सगळे डोळे फाडून बघत होते. मधोमध डॉक्टर, कोट नाही, बूट नाही, चिखलाने भरलेले पाय, आणि डोक्यावर मासळीची काळीकुट्ट जुनी पाटी, तिच्यात पाच नारळ. बिजली पुढचे पाय त्यांच्या छातीवर टेकून पाटीपर्यंत पोचायची धडपड करत होती. भर बाजारातून आले होते ते, तसेच.

बाबा पोचले, धापा टाकत. “डागतर? ही पाटी कुणाची?”

“माझ्या आवशीची, तांडेल. केळशीची धोंडूबाई. येसूबाईंची पाटी मी बिघडवली, भरून देईन म्हटलं होतं.” आवाज चढवून सांगितलं त्यांनी, मागच्या कारकुनालाही ऐकू जावं म्हणून. “आवस म्हणाली, चांगल्या घरात देतोस ना? मग घेऊन जा.”

माझ्या आवशीने पाटी खाली घेतली, नारळ बाजूला काढले, काठ दाबून बघितला. “चांगल्या हाताची हाय,” ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. बाबांनी बिजलीकडे बघितलं. ती रिकाम्या पाटीत तोंड खुपसून उभी होती, चारही पायांवर.

“आली म्हणायची आपल्या पायांनी,” ते म्हणाले. “राहू दे घरात.” मग डॉक्टरांकडे वळून, “आणि तुम्ही रात्रीच्या जेवणाला या. खाणावळ काय आता तुम्हाला वाढत नाय.”

ढोल पुन्हा सुरू झाले. सगळे पाण्याकडे सरकले. डॉक्टर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. दोघंही समोर बघत होतो.

“पाटी दिली,” ते हळूच म्हणाले. “पण ती घरात एकटी कशी राहील? मीही... म्हणजे, तांडेलांना विचारीन म्हणतो. तू हो म्हणालीस तर.”

मी पाटीकडे बोट दाखवलं.

“आधी एक सांगा. त्या पाटीला वास येतो?”

त्यांनी वाकून पाटीजवळ नाक नेलं, अगदी मन लावून हुंगलं.

“कसला वास?”

“मलाही येत नाय,” मी म्हटलं. “मग जमेल आपलं.”