पॉकेट आधी बोलायचं

कुत्रा मागे लागला नसता, तर ती त्या दारातून आत गेलीच नसती. कुत्रा तरी केवढा, तर पिशवीत मावेल एवढा. पण भीती मापं काढत बसत नाही. जिना चढून ती थेट एका मोठ्या टेबलाखाली शिरली.

हिरव्या कापडाच्या कडेवरून एक चेहरा खाली वाकला.

“हा खेळ वरून खेळतात,” तो गंभीरपणे म्हणाला.

“कुत्रा...”

“तो सभासद नाही. त्याला जिन्याशीच अडवलंय.”

तो पूलचा, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल मारायच्या खेळाचा, व्यावसायिक खेळाडू. स्पर्धा नसल्या की इथे, या क्लबात शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि उरलेल्या वेळात भ्यायची — लिफ्टला, फोनच्या घंटेला, गिऱ्हाइकाच्या ‘जरा ऐका’ला. ‘आरशात बघायचं झालं तरी आधी दार वाजवशील,’ असं ताई म्हणे. आता टेबलाखालून बाहेर यायला काहीतरी कारण हवं, म्हणून तिनं विचारलं, “शिकवता का?”

आयुष्यातलं तिचं पहिलं धाडस. तेही लाज झाकायला.

“काठी एवढी आवळू नका. पळून जाणार नाही ती.”

“ती नाही, मी जाईन.”

“म्हणूनच तुम्हाला दाराकडे पाठ करून उभं केलंय.”

कोपर चुकलं की तो हात लावत नसे. काठीच्या खडू लावलेल्या टोकानं हलकेच टोकायचा. बाहीवर खडूचा निळा ठिपका उमटे. तो तिनं धुतला नाही.

“डाग हट्टी आहे,” तिनं ताईला सांगितलं.

“डाग ना?” ताई म्हणाली.

एकच नियम तिला जमेना. सगळ्यात शेवटी काळा बॉल. तो कुठल्या पॉकेटमध्ये, टेबलाच्या कडेच्या कुठल्या भोकात घालणार, ते मारण्याआधी मोठ्यानं बोलायचं. ती गपचूप मारायची.

“गेला!”

“गेला. हरलात.”

“मनात बोलले होते मी...”

“मनातलं धरत नाहीत.”

आणि एके दिवशी खडू घासता घासता तो म्हणाला, “उद्याची शिकवणी शेवटची. स्पर्धांचा मोसम सुरू होतोय. आज हे शहर, उद्या ते... परत इकडे येणं होईलच असं नाही.”

तिनं काठी पुन्हा पहिल्या दिवसासारखी आवळली.

दुसऱ्या दिवशी दुकानात, डोळे तपासायच्या तक्त्यासमोर उभं राहून तिनं एक वाक्य पाठ केलं. तक्त्यातल्या अक्षरांसारखंच तेही खाली येता येता बारीक होत गेलं. शेवटची ओळ तर तिची तिलाच ऐकू आली नाही. नाही म्हणाला तर? हसला तर? हसून ‘बरं’ म्हणाला तर?

संध्याकाळी डाव रंगला. शेवटी काळा बॉल त्याच्या वाट्याला आला, पॉकेटसमोर सरळ. तो वाकला, थांबला... आणि मारला. आत.



“हरलात,” ती म्हणाली. स्वतःच्याच आवाजानं दचकली. “पॉकेट बोलला नाहीत.”

त्यानं टेबलाकडे पाहिलं. कान लाल झाले.

“विसरलो.”

“तुम्ही? झोपेतसुद्धा बोलत असाल.”

“...घाबरलो,” तो म्हणाला. “तोंड उघडलं असतं, तर भलतंच काहीतरी बोललो असतो.”

 तिनं काळा बॉल काढून पुन्हा टेबलावर ठेवला.

“बोलून मारा.”

“आणि नाही गेला तर?”

“तर सगळ्यांसमोर फजिती. रोज मला हेच शिकवता ना?”

त्यानं काठी धरली. इतकी आवळली, की पहिल्या दिवशीची तीच जणू. “मला... तुम्ही माझ्यासोबत हव्या आहात. फिरतीवर, घरात, कुठंही. आणि पॉकेट — हे, कोपऱ्यातलं.”

मारला. काळा बॉल घरंगळत पॉकेटच्या तोंडाशी गेला आणि तिथेच थांबला. इतका सोपा बॉल त्यानं नवशिका असतानाही चुकवला नसेल.

आता पाळी तिची. ती वाकली. दाराकडे पाठ होती. पळायचं लक्षातच राहिलं नाही.

“तेच पॉकेट,” ती मोठ्यानं म्हणाली. पलीकडच्या टेबलावरचे सगळे वळून बघू लागले.

काळा पडला. त्याच्या मागोमाग, रेंगाळत, ज्यानं मारायचं तो पांढरा बॉलही पडला.

नियमानं हा फाऊल, डाव गेला. पण नियम सांगणारा त्या वेळी काठी उलटी धरून उभा होता, आणि टोकावरचा निळा खडू स्वतःच्याच नाकाला लावून घेत होता.