बसा की, पावणं

दार आपलं आपण मिटलं, कुलूप खट्‌ वाजलं, आणि तेव्हा कुठं केरबाच्या लक्षात आलं की आपण बसायला ओढलेलं स्टूल दाराला अडण म्हणून लावलं होतं.

"मामा!" त्याची भाची वर्षाराणी ओरडली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दूध संघाच्या या सर्व्हरच्या खोलीला खिडकी नव्हती. कार्डाचं कुलूप सर्व्हरवर चालायचं आणि सर्व्हर दुपारपासून बंद. तो सुरू झाल्याशिवाय दार उघडणार नव्हतं. सर्व्हरमधला एक भाग चोरीला गेला म्हणून मॅनेजर रुद्राप्पांनीच वर्षाराणीला बोलावलं होतं. आता ते बाहेरून दाराच्या काचेला तोंड लावून ओरडत होते, "फिटर बोलावलाय! पोलीसबी बोलावल्यात! दार उघडलं की त्या पोरीला घेऊन जातील!"

केरबाची हयात एसटी चालवण्यात गेलेली, उघड्या खिडकीपाशी. एसीच्या गारठ्यातही त्याला दरदरून घाम फुटला. भाची गुप्तहेर झाली ती झाली, निवृत्त मामाला कशाला गावभर फिरवते कोण जाणे!

ती पोरगी, विद्याश्री, दुरुस्तीच्या कंपनीची इंजिनिअर, भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. दार उघडलं तर पोलीस, न उघडलं तर ही खोली. केरबाला तिची फार कीव आली.

"पहिल्यापासून सांग," वर्षाराणी म्हणाली.

"मेमरीच्या दोन जुन्या पट्ट्या काढून दोन नव्या बसवायच्या होत्या. विजेच्या दोन्ही वायरी काढल्या. मनगटाला पट्टा बांधून त्याची तार सर्व्हरच्या पत्र्याला लावली."

"ते कशाला गं?" केरबानं विचारलं.

"अंगातली वीज पट्टीत उतरू नये म्हणून, मामा. आपल्याला कळतबी न्हाय, पण पट्टी मरती. म्हणून तर ती चंदेरी पिशवीत येती. नव्या बसवल्या, खटके नीट लागले. जुन्या दोन्ही त्याच दोन पिशव्यांत घालून टेबलावर ठेवल्या आणि चहाला गेले. येऊन मशीन सुरू केलं तर नुसतं बोंबलायला लागलं. उघडून बघते तर एका जागी जुनीच पट्टी! जोडी जुळल्याबिगर हे चालत न्हाय."

"आणि नवी हिनंच लांबवली," शिवप्रसाद साहेब म्हणाले. ते संगणक विभागाचे प्रमुख. "म्हणून सांगत होतो, हे काम माझ्या मेव्हण्याच्या दुकानाला द्या."

केरबाला स्टुलाची लाज वाटत होती. त्यानं ते पुढं केलं. "साहेब, बसा की."

"नको."

वर्षाराणी टेबलापाशी गेली. तिथं एक जुनी पट्टी होती, पिशवीत घातलेली. बाकी टेबल मोकळं. ती कोपऱ्यात उकिडवं बसलेल्या शिपायाकडं वळली. "आकाराम, तुम्ही आत आला होता?"

"कप न्यायला आलतो. साहेब हितंच हुते. चोरी कळल्यावर त्यांनीच माझी पिशवी झाडली, बाईंची पर्स झाडली, ओढणीसुदिक झटकाय लावली."

"साहेबांचं काय झाडलं?"

"साहेबांचं कोण झाडतंय?"

शिवप्रसाद साहेबांची गादीची खुर्ची मोकळीच होती. केरबाला राहवेना. "पावणं, बसा की. पाय भरून येतील."

"उभाच बरा आहे म्हटलं ना!"

फिटरचा पत्ता नव्हता. भिंती जवळ येताहेत असं केरबाला वाटू लागलं.

"मामा," वर्षाराणी हसून म्हणाली, "तुम्ही दार लावलंत ते झकास केलंत. चोराला बाहेर जाता आलं नाही."

"म्हंजे?"

"पिशव्या दोन होत्या. आता एकच आहे. नुसत्या चोरानं पट्टी खिशात कोंबली असती. यानं पिशवीत घालून नेली, कारण त्याला ती जिवंत हवी होती. एवढी काळजी घ्यायचं ज्ञान आकारामला नाही."

"मग विद्याश्रीला हाय की!"

"आहे. पण तिचं सगळं झाडून झालंय. आणि ती बसलीय, मामा. आकाराम बसलाय. स्वतःची खुर्ची असून उभे आहेत ते एकटे साहेब. तुम्ही दोनदा आग्रह केलात, तरी बसले नाहीत. पँटच्या मागच्या खिशात पट्टी असली की बसता येत नाही. मोडेल ना!"

शिवप्रसादांचा हात आपसूक मागं गेला.

"उद्या तुम्हीच ही बसवून मशीन चालू केलं असतंत. पोरगी कोठडीत, काम मेव्हण्याच्या दुकानाला. काढा आता. ती लागल्याशिवाय तुम्हालाही बाहेर जाता यायचं नाही."

काचेपलीकडून रुद्राप्पांनी आता साहेबांकडं बोट दाखवलं.

चंदेरी पिशवी बाहेर आली. विद्याश्रीनं दोन्ही वायरी काढल्या आणि पट्टा बांधला. आधी जुनी पट्टी काढली. मग नवी कडेला धरून बसवली, दोन्ही अंगठ्यांनी सारखी दाबली. टक. टक.

वायरी परत लावताच सर्व्हर घरघरला. दाराचं कुलूप खट्‌ वाजलं. केरबा आधी बाहेर पडला आणि पोटभर श्वास घेतला. मागोमाग विद्याश्री आली, आणि पोलिसांना बघूनही थांबली नाही.

आत शिवप्रसाद अजून उभेच होते. आकारामनं स्टूल त्यांच्या पायाशी सरकवलं.

"बसा की साहेब. आता काय मोडायचं राहिलंय?"