नाव वगळण्याचा अर्ज

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेनऊला गोकुळ फराटेला कळलं, की सरकारच्या लेखी आपण मेलो आहोत.

रांजणगावच्या कंपनीतली तिसरी पाळी संपवून तो बसनं आला आणि तोंडसुद्धा न धुता वाडीच्या शाळेत रांगेला लागला. मांडवगण फराट्याच्या अलीकडची ही वाडी, मतदार जेमतेम सहाशे. आतल्या कर्मचाऱ्यानं यादीवरून दोनदा बोट फिरवलं.

"तुमचं नाव कमी झालंय. कारण, मयत."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. गोकुळ यादीकडे बघत राहिला. त्याच्याच घराच्या नंबरावर सारिका होती. सारिका गोकुळ फराटे, वय बत्तीस. त्याची बायको डेंग्यूनं जाऊन दीड वर्ष झालं होतं. दीड वर्ष तो लोकांना सांगत होता, ती गेली म्हणून. आज यादी म्हणत होती, ती आहे, तू गेलास. रात्रभर मशीनवर उभं राहून आलेल्या माणसाला ते फारसं चूक वाटलं नाही.

बाहेर व्हरांड्यात शाळेच्या शेख मॅडम चिठ्ठ्या वाटत बसल्या होत्या. मतदार यादीचं काम त्यांच्याकडंच होतं. नाव आसमीन, वय तिशीच्या पुढं, लग्न झालेलं नाही, रोज दौंडहून स्कूटीवर येतात, एवढं सगळ्या वाडीला ठाऊक होतं. गोकुळनं मात्र त्यांना कधी नीट पाहिलं नव्हतं. दीड वर्षात त्यानं कुणालाच नीट पाहिलं नव्हतं.

"मॅडम, मी मेलोय म्हनं."

"नाव सांगा."

"मेल्याल्याचं सांगू का जित्त्याचं?"

हसू दाबायला त्यांनी पेनचं टोपण दातात धरलं. पण ते गोकुळला दिसलंच.

तीन दिवसांनी, शाळा सुटल्यावर, आसमीन त्याच्या दारात आली. हातात त्याच्याच अर्जाची प्रत होती.

"सारिकाताईंचं नाव वगळायचा अर्ज तुम्हीच भरला होता ना? हे बघा. जिथं त्यांचं नाव आणि कार्ड नंबर हवा, तिथं तुम्ही स्वतःचा लिहिलाय."

अक्षर त्याचंच होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं.

"पर तुम्ही चौकशी न्हाई केली?"

"केली की. आले तेव्हा तुमच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या सिंधूबाईंना विचारलं, या घरात मयत झालंय का. त्या म्हणाल्या, झालंय."

"आगं बया!" कुडापलीकडून सिंधूबाईंचा आवाज आला. "मग काय खोटं बोलू व्हय? झालंय की!"

"कुणाचं, ते विचारायला हवं होतं मी..." आसमीन म्हणाली. "चुकलंच माझं."

गोकुळ हसायला लागला. पोटातून, थांबेना असा. आसमीननं मात्र प्रत पिशवीत ठेवली.

"तुम्हाला हसू येतं," ती म्हणाली. "आमच्या घरात कागद चुकला तर कोणी हसत नाही. अब्बा रेल्वेतून रिटायर झाले, तरी सगळे दाखले पिशवीत घालून जवळ ठेवतात. कोण कधी काय मागेल म्हणून."

"किती पिढ्या झाल्या दौंडात?"

"पाच. कागद तीनच पिढ्यांचे आहेत."

गोकुळचं हसू थांबलं. त्यानं चहा टाकला. घरात कप एकच होता, कान तुटलेला. तो तिला देऊन त्यानं स्वतः पेल्यात घेतला.

तिनं दोन अर्ज पुढं ठेवले. एक त्याचं नाव परत घालायचा. त्यावर त्यानं सही केली. दुसरा सारिकाचं नाव काढायचा. तिथं पेन थांबलं.

"हे... पुढच्या आठवड्यात करू का?"

"मृत्यूचा दाखला आहे, तुमच्या सहीशिवायही काढता येतं," आसमीन म्हणाली. "पण घरच्या माणसानं सही केलेली बरी असते." आणि तिनं अर्ज घडी करून पिशवीत ठेवला.

पुढच्या गुरुवारी ती आली. त्याच्या पुढच्याही. सहीचं नाव दोघांनी काढलं नाही. कधी ती त्याच्या बांधावरची शेवंती बघत उभी राहायची, कधी नुसतीच उंबऱ्यावर बसायची, दमलेली. तोही दमलेला असायचा. दोन दमलेल्या माणसांना बोलायला फार काही लागत नव्हतं. रांजणगावातून येताना गोकुळनं एक नवा कप आणला. तिनं तो पाहिला आणि चहा पिताना दोन वेळा फिरवून बघितला.

"मला मावशी, आमच्या ह्यास्नी मामा," सिंधूबाई एकदा कुडावरून म्हणाल्या, "समद्या वाडीला दादा, भाऊ. आन् ह्या गोकुळला काय म्हंता वो मॅडम?"

"मतदार," आसमीन म्हणाली.

"त्यो तरी कुठं झालाय अजून!"

आसमीनचे कान लाल झाले. गोकुळनं ते पाहिलं, आणि त्या रात्रपाळीनंतर दिवसभर त्याला झोप आली नाही.

मे महिन्यात त्याचं नवीन कार्ड आलं. ते घेऊन आसमीन आली तेव्हा गुरुवार नव्हता.

"घ्या. आजपासून तुम्ही जिवंत." मग ती उंबऱ्यावर टेकली. "माझी बदली झाली. जुन्नरकडं, डोंगरातली शाळा आहे. पंधरा जूनला हजर व्हायचंय."

गोकुळनं कार्ड न बघताच खिशात घातलं.

"मॅडम... मग गुरुवारी कोन येनार?"

"नवीन मॅडम येतील. सही घ्यायला."

"मला सही घेनारं मानूस नकोय," तो म्हणाला. "मला... तुम्ही पायजे."

कुडापलीकडं सिंधूबाईंची भांडी वाजायची थांबली.

"सोपं नाही ते," आसमीन खालच्या आवाजात म्हणाली. "नोंदणीनं लग्न म्हणजे आधी महिनाभर नोटीस लागते. दोघांची नावं, पत्ते. कुणीही येऊन हरकत घेऊ शकतं. तुमची वाडी, आमचा मोहल्ला..."

"येवढी चौकशी? मला मारताना तर येका शेजारनीला इचारलं!"

ती हसली. हसता हसताच तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"अब्बांना सांगितलंय मी," ती म्हणाली. "पहिले चार दिवस बोललेच नाहीत. मग विचारलं, दारू पितो का. परवा म्हणाले, त्या नोटिशीला माझा कुठला कागद लागेल?"

गोकुळनं मान खाली घातली. मग म्हणाला, "त्यो सारिकाचा अर्ज... आता सही केली तर वाटंल, तुमच्यासाठी तिला काढली."

आसमीननं पिशवीतून अर्ज काढला. घड्या घालून घालून मऊ झाला होता. तिनं तो त्याच्यासमोर ठेवला.

"मी कुणाला काढून या घरात यायची नाही. त्यांचं नाव राहू दे. तुम्हाला जमेल तेव्हा करा, नाही जमलं तर तेही सांगा. फक्त गप्प बसू नका."

"सोमवारी जाऊ पुण्याला," गोकुळ म्हणाला. "नोटीस द्यायला."

"पाळी?"

"रजा टाकतो."

ती गेल्यावर तो अर्ज घेऊन बसला. सारिकाचं नाव लिहिलं. तिच्या कार्डावर बघून नंबर लिहिला, दोनदा तपासला. या वेळी बरोबर होता.

सोमवारी त्यांनी नोटीस दिली. वाडीतल्या निम्म्या लोकांनी गोकुळशी बोलणं सोडलं, सिंधूबाईंनी सोडलं नाही. महिना पुरा व्हायला अजून अकरा दिवस आहेत. सारिकाच्या अर्जावर गोकुळची सही अजून व्हायची आहे.