हजार म्हणजे शंभर

“ओ! ते हिरवं बटण नका दाबू!”

मी दुकानातूनच ओरडले, आणि भिंतीतल्या पैसे काढायच्या मशीनसमोरच्या उंच माणसाचं बोट हवेतच थांबलं. बाहेर बारीक पाऊस होता. त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, खांद्यावर जाड दोराचं वेटोळं होतं. तो वळला. डोळे मात्र हसरे...

“का? दाबलं तर फुटतं?”

“तुमचा खिसा फुटतो. त्याच्या खाली करडं बटण आहे बघा, बारीक अक्षरात ‘नाही’ लिहिलेलं. ते दाबा.”

“नाही म्हटलं तर पैसे देईल?”

“देईल. न देऊन जाईल कुठे?”

त्याने दाबलं. मशीन जरा कुरकुरलं आणि नोटा बाहेर आल्या.

अल्बानियातल्या आमच्या श्कोदरमध्ये उन्हाळाभर बाहेरचे लोक येतात. पाठीवर बोजा, डोंगरात जायची घाई, आणि खिशात आमच्या चलनातला, म्हणजे लेकमधला, एकही पैसा नाही. मशीन त्यांना गोड विचारतं, तुमच्या पैशाचा भाव आम्हीच लावू का? हिरवं ‘हो’ तळहाताएवढं. दमलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो, आणि तो भाव म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. ‘नाही’ म्हटलं तर त्याची स्वतःची बँक भाव लावते, आणि ती इतकं लुटत नाही. पण ‘नाही’ म्हटलं तर काहीच मिळणार नाही, अशी माणसाला धास्ती वाटते. मला त्या धास्तीचाच राग येतो. लहानपणापासून घरचे मलाही तीच घालत आलेत.

तो दुकानात शिरला. पालकाचं ब्युरेक, म्हणजे आमची भट्टीत भाजलेली भरल्या पापुद्र्यांची पोळी, आणि ताक मागितलं. बोलण्याचा हेल सीमेपलीकडच्या कोसोव्होचा.

“प्रिझरेनचे?” मी विचारलं.

“ओळखलंत! लिरिदोन नाव माझं. इथल्या शाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसवायला आलोय. किती झाले?”

“हजार.”

त्याचा घास तोंडातच राहिला. “हजार लेक? म्हणजे दहा युरो? अहो, पालक सोन्याच्या वाफ्यात लावता का?”

“हजार म्हणजे शंभर.”

“हजार म्हणजे शंभर कसे?”

“आजोबांच्या काळात सरकारने नोटेवरचं एक शून्य काढलं. तोंडातलं कुणी काढलं नाही. आम्ही अजून जुन्या लेकमध्येच बोलतो. ऐकायचं हजार, द्यायचे शंभर.”

“आपली भाषा एक, आणि मला आकडाही कळू नये...” त्याने शंभर लेक ठेवले आणि हळूच म्हणाला, “मशीनचा भाव सांगणारी मुलगी मात्र हजारात एक भेटली.”

“जुन्या की नव्या?”

“म्हणजे?”

“जुन्या हजारातली असेन तर नुसती शंभरात एक झाले. नीट ठरवून या उद्या.”

तो दुसऱ्या दिवशी खरंच आला. आधी मशीनसमोर उभा राहिला, मग मान वळवून मोठ्याने म्हणाला, “कुठलं दाबू?”

“काल सांगितलं ना!”

“विसरलो.”

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. एका वेळी ब्युरेकपुरते पैसे काढायचा आणि पुन्हा विचारायचा. शेवटी पीठ लागलेल्या हातांनीच मी बाहेर गेले.

“अरे, तुला अक्कल आहे का? दर वेळी काढताना मशीन वेगळं शुल्क कापतं. थोडे काढ नाहीतर ढीगभर काढ, शुल्क तेवढंच. एकदाच काढून ठेव ना!”

कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, माझं मलाच कळलं नाही. त्याला कळलं. तो गालात हसला.

“माहितेय मला.”

“मग?”

“एकदाच काढले तर दुसऱ्या दिवशी काय कारण सांगून येऊ?”

मी पिठाच्याच हाताने गाल पुसला. कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने माझ्या गालावरचं पीठ बोटाने पुसलं आणि लगेच हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

“प्रेना,” तो म्हणाला. माझं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं.

त्या दिवशी दोन कढया ब्युरेक मी जाळलं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. त्याचं रोज कापलं जाणारं शुल्क मात्र जिवाला लागत होतं. माझ्यासाठी रोज पैसे जाळणारा मूर्ख मला हवा होता. अगदी तोच हवा होता.

आता मामाचं सांगते. इमारत ग्योवालिन मामाची. भिंतीत मशीन बसवू दिल्याबद्दल कंपनी त्याला दरमहा पैसे देते. दुकान आईच्या वेळेपासून आमचं, म्हणजे आता माझं, पण भिंती त्याच्या. मशीनवाल्या कंपनीचा माणूस म्हणे तक्रार करून गेला, की या एका मशीनवर सगळे ‘नाही’च का दाबतात? मामाला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही.

“तोंड बंद ठेव,” मामा म्हणाला. “नाहीतर दुकान रिकामं कर. शनिवारपर्यंत काय ते ठरव.”

मी ठरवलं. पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत चार भाषांत लिहिलं, ‘करडं बटण दाबा, पैसे मिळतात’, आणि तो पुठ्ठा दुकानाच्या काचेला आतून चिकटवला. दुकान हातचं जाणार, हे कळत होतं. आईच्या हातची भट्टी होती ती. पण माझ्या डोळ्यांदेखत लोक लुटले जाणार आणि मी पीठ मळत बसणार, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

शनिवारी सकाळी मामा आला. समोरच्या कॅफेतल्या टेबलांशी बसलेले सगळे पेले हातात धरून आमच्याकडेच बघत होते. श्कोदरमध्ये कॉफी यासाठीच पितात.

“काढ तो पुठ्ठा!”

“नाही काढणार.”

“मग चावी दे.”

तेवढ्यात सायकल भिंतीला टेकवून लिरिदोन मध्ये घुसला. “थांबा. या दुकानाचं भाडं किती हवंय तुम्हाला? बाजारभावाने बोला.”

मामाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “महिन्याला पाच लाख.”

“दिले,” लिरिदोन म्हणाला, आणि हात पुढे केला. “शब्द देतो.”

मामाने हात घट्ट धरला. कॅफेतून कुणीतरी शीळ घातली. मी मात्र लिरिदोनच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तो पांढरा पडला होता. ओठ हलत होते. मनात कसलातरी हिशेब चालला होता.

“लिरिदोन,” मी हळूच विचारलं, “पाच लाख म्हणजे किती रे?”

“पाच हजार युरो. गाडी विकतो. मग भावाकडून... बघू. जमवतो.”

“शून्य काढ.”

“काय?”

“शून्य काढ, वेड्या! मामाने जुने पाच लाख सांगितले. पाचशे युरो झाले ते.”

त्याने बोटांवर हिशेब केला. मग खांदे सैल सोडून हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसू येईना. हा माणूस दसपट ऐकून क्षणभरही थांबला नव्हता. माझ्यासाठी.

आणि तितकाच रागही आला.

“मला विचारलंस?” मी म्हणाले.

त्याचं हसू थांबलं. “मी तर तुझ्यासाठीच...”

“माझ्यासाठी, पण मला न विचारता! सगळ्या जगाला मी ओरडून सांगते, आधी वाचा, मग दाबा. आणि तू न वाचता हो म्हणून मोकळा? उद्या हे दुकान तुझ्या भाड्यावर चालेल. मग तू म्हणशील तेव्हा मी गप्प बसायचं?”

“मी कधीच असं म्हणणार नाही, प्रेना.”

“माहितेय. तरी नको.” मी मामाकडे वळले. “मामा, सोड त्याचा हात. त्याने जो शब्द दिला तो माझ्या दुकानाबद्दल होता, आणि तो त्याचा नव्हताच द्यायला. ही घे चावी. भिंती तुझ्या. हात माझे, तोंड माझं.”

मामाचा आवाज खाली आला. “पोरी, भांडून जाशील कुठे?”

मी चावी त्याच्या तळहातावर ठेवली. तोच समोरच्या कॅफेची मालकीण आगे काकू खुर्चीवरून उठली आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडली, “माझी मागची भट्टी वर्षभर थंड पडलीय. भाडं विक्रीतून दे. आणि तो पुठ्ठाही घेऊन ये गं, माझी काच मोठी आहे!”

मी आत जाऊन भलीमोठी कढई उचलली आणि कशीबशी रस्त्यावर आणून टेकवली. पुढे एकटीला पेलेना. लिरिदोन दारातच उभा होता, हात लोंबकळत. पुढे यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

“हा कोण लागतो तुझा?” मामाने विचारलं.

कॅफेतल्या खुर्च्या पुढे सरकल्या. कुणी चमचाही हलवेना.

“मी याच्यावर प्रेम करते,” मी म्हणाले. मोठ्याने. “त्याने अजून विचारलेलं नाही. तो छपरावर चढायला घाबरत नाही, पण एवढंसं विचारायला घाबरतो. म्हणून मीच विचारते. लिरिदोन, राहशील माझ्याबरोबर? नीट विचार करून सांग. या वेळी घाई नको.”

तो माझ्याकडे बघत राहिला, मामाकडे नाही, लोकांकडे नाही. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता.

“प्रिझरेनला नेणार नाही तुला,” तो सावकाश म्हणाला. “मीच येईन. कामं इथली घेईन. आणि भांडण झालं तर तू ओरड, मी ऐकीन, पण मीही ओरडेन. चालेल?”

“पळेल.”

“मग हो.”

मी पुढे झाले आणि भर रस्त्यात त्याच्या मानेला मिठी मारली. पिठाचे हात, ओला सदरा, काही म्हणजे काही बघितलं नाही. मामाने मान फिरवली. कॅफेतल्या एकानेही फिरवली नाही.

मग त्याने कढईचा एक कान धरला, मी दुसरा, आणि आम्ही दोघं रस्ता ओलांडून निघालो.